फिलरवाली मेम्ब्रेन पावसाळ्यातच का गळते? पाणी नेमकं कुठे मुरतंय?

मेम्ब्रेन म्हणजे बायोगॅसमधल्या मिथेनपासून कार्बन डायऑक्साइड वेगळा करणारी पातळ फिल्म, आणि फिलर म्हणजे तिच्यात मिसळलेले सच्छिद्र स्फटिक. लक्षण असं आहे. नुसत्या पॉलिसल्फोन या प्लास्टिकची फिल्म छान निघते, आकडे पुस्तकातल्यासारखे येतात. त्याच द्रावणात वजनाने २० टक्के ४ए झिओलाइट (सच्छिद्र स्फटिकांची पावडर) घातलं की कार्बन डायऑक्साइड भसाभस जातो, पण त्याच्या पाठोपाठ मिथेनही जातो, आणि सिलेक्टिव्हिटी, म्हणजे कार्बन डायऑक्साइड मिथेनच्या किती पट सहज जातो तो आकडा, विसाच्या वरून घसरून पाच-सहावर येते. मार्च ते मे हे क्वचितच होतं. जून उजाडला की रोजचंच. ऑक्टोबरची ऊन्हं पडली की दुखणं आपोआप बरं होतं, आणि आपण काहीतरी सुधारलं अशी समजूत होऊन बसते.

नाशिकमधल्या सातपूरच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये हे सलग तीन पावसाळे चाललं. पहिल्या वर्षी फिलरला शिव्या घातल्या, दुसऱ्या वर्षी पॉलिमरच्या नव्या पोत्याला, तिसऱ्या वर्षी एकमेकांना. कारण एक नव्हतं, तीन होती, आणि पावसाळ्यात तिन्ही एकदम डोकं वर काढत. म्हणून एकावर इलाज केला की दुसरं उरायचं, आणि पहिला इलाज चुकला असं वाटून तोही सोडून दिला जायचा. हे सगळं शोधताना ज्या क्रमाने जायला हवं होतं, तो क्रम इथे लिहिते आहे. ज्या क्रमाने आम्ही गेलो तो नाही.

काम कशासाठी, ते दोन वाक्यांत. नाशकात कांद्याचा आणि द्राक्षाच्या चोथ्याचा कचरा मुबलक. त्याच्या बायोगॅसमध्ये मिथेन साधारण ५५ ते ६५ टक्के आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, तो काढायचा. पॉलिमरची अडचण अशी की जास्त वायू सोडणारा पॉलिमर कमी निवडक असतो. रॉबसनने १९९१ मध्ये ही मर्यादा आलेखावर रेघ मारून दाखवली आणि २००८ मध्ये ती रेघ थोडी वर सरकवली. सच्छिद्र स्फटिक पॉलिमरमध्ये मिसळायचे ते ती रेघ ओलांडायला. सिद्धांत सोपा आहे. स्फटिक आणि पॉलिमर यांनी एकमेकांना घट्ट धरून राहावं एवढीच अट आहे, आणि नेमकी तीच पाळली जात नाही.

आधी एका फिल्मचे तीन तुकडे

कुठलंही कारण शोधण्याआधी एकाच ओतलेल्या फिल्ममधून तीन चकत्या कापा आणि तिन्ही मोजा. वेळ जातो, मान्य आहे. पण तीनपैकी एकच खराब निघाली तर दोष त्या चकतीत आहे: सुईएवढं भोक, चिमट्याचा ओरखडा, ओ-रिंगखाली गेलेला तडा. तिन्ही सारख्याच खराब निघाल्या तर दोष मालातच आहे, म्हणजे फिलर आणि पॉलिमरच्या जोडावर. आम्ही दीड वर्ष एकेकच चकती मोजत होतो आणि प्रत्येक वेळी ‘भोक असेल’ म्हणून नवी फिल्म ओतत होतो. तिन्ही मोजल्या त्या दिवशी तिन्ही ५ आणि ६ च्या मध्ये आल्या. भोकं इतकी शिस्तीत पडत नाहीत.

फिलरवाली फिल्म ठिसूळ असते, हे ध्यानात ठेवा. नुसती पॉलिसल्फोनची फिल्म ओ-रिंगखाली दाबली तरी सहन करते. झिओलाइटवाली करकचून आवळली की कडेला केसाएवढी चीर जाते आणि ती दिसतही नाही. आम्ही आता चकतीला दोन्ही बाजूंनी भोक पाडलेली ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावतो, पट्टीच्या आतल्या कडेला इपॉक्सीची बारीक रेघ ओढतो, आणि ओ-रिंग त्या पट्टीवर बसते, फिल्मवर नाही.

सेल गळतोय की फिल्म?

सेल म्हणजे चकती ज्यात आवळून मोजतो ते भांडं. इथे आधी एक हिशोब करा, म्हणजे आपण किती बारीक गोष्ट मोजतोय त्याचा अंदाज येईल. पॉलिसल्फोनची कार्बन डायऑक्साइडसाठी पारगम्यता, म्हणजे वायू किती सहज जातो तो आकडा, ५.६ बॅरर (हे तिचं एकक), मिथेनसाठी ०.२५. फिल्म ५० मायक्रॉन जाड, उघडा भाग १० चौरस सेंटिमीटर, दाबातला फरक २ बार धरा. तासाभरात कार्बन डायऑक्साइड जाईल साधारण ०.६ घन सेंटिमीटर. आणि मिथेन? ०.०२७ घन सेंटिमीटर. म्हणजे एक घन सेंटिमीटर मिथेन जायला दीड दिवस लागेल.

आता सेलमध्ये कुठेतरी तासाला ०.०३ घन सेंटिमीटरची गळती आहे असं समजा. साबणाच्या पाण्याने ती कधीच सापडणार नाही. पण मिथेनचा आकडा दुप्पट झाला, कार्बन डायऑक्साइडचा जेमतेम हलला, आणि २२ ची सिलेक्टिव्हिटी ११ झाली. फिल्म मात्र निर्दोष.

म्हणून फिल्मच्या जागी ॲल्युमिनियमची फॉइल लावा, खालची बाजू व्हॅक्यूम करा, वरून २ बार द्या आणि रात्रभर खालच्या दाबाची नोंद घ्या. जो काही दाब वाढेल तो फिल्मचा नाही.

पावसाळ्यातली एक गंमत इथे आहे, आणि तिने आम्हाला आठवडाभर फिरवलं. सेल उघडला की दमट हवा आतल्या भिंतींना पाणी लावून जाते. मग व्हॅक्यूम केल्यावर ते पाणी हळूहळू सुटत राहतं आणि दाब वाढताना दिसतो, अगदी गळतीसारखा. ओळखायची खूण आलेखात आहे: खरी गळती सरळ रेषेत चढते, सुटणारं पाणी आधी जोरात चढतं आणि मग रेघ वाकून आडवी होत जाते. वाकणारी रेघ दिसली तर नट-बोल्ट आवळत बसू नका. खालची बाजू हलकी गरम करून रात्रभर पंप चालू ठेवा.

आकडा कुठल्या मर्यादेत आहे ते बघा

फॉइल पास झाली, तिन्ही चकत्या सारख्याच खराब. आता आकड्यांकडेच बघायचं. मॅक्सवेलने १८७३ मध्ये विद्युतवहनासाठी मांडलेलं समीकरण इथे जसंच्या तसं लागू पडतं, आणि त्याचा एक उपयोग फार कमी जण करतात. फिलरमधून वायू काहीच अडथळ्याविना जातो असं धरलं, तर मिश्रणाची पारगम्यता जास्तीत जास्त किती होईल? आणि फिलर म्हणजे नुसता दगड असेल तर कमीत कमी किती? वरच्या टोकाच्याही पुढचा आकडा आला तर फिल्ममध्ये या बाजूपासून त्या बाजूपर्यंत रस्ता आहे.

समीकरणात वजनाचे टक्के चालत नाहीत, आकारमानाचे लागतात. वजनाने २० टक्के ४ए म्हणजे आकारमानाने साधारण १७ टक्के. झिफ-८ (आमचा दुसरा फिलर, जस्त आणि इमिडाझोलचे सच्छिद्र स्फटिक) मात्र फार हलका, घनता पाण्यापेक्षाही किंचित कमी. त्याचे वजनाने २० टक्के म्हणजे आकारमानाने जवळजवळ २५ टक्के. हे न केल्यामुळे बऱ्याच तुलना फसतात.

पॉलिसल्फोनच्या ५.६ बॅररवरून हिशोब केला तर ४ए साठी मर्यादा येते ४.३ ते ९, आणि झिफ-८ साठी ३.७ ते ११.२. आमचा पहिल्या पावसाळ्यातला कार्बन डायऑक्साइडचा आकडा २० बॅररच्या वर होता आणि आम्ही तो अभिमानाने भिंतीवर लावला होता! पारगम्यता चौपट, वा! सिलेक्टिव्हिटी मात्र ‘थोडी सुधारायची बाकी’. तो आकडा मालाचा असूच शकत नव्हता.

मर्यादेच्या आत असाल तर चार शक्यता उरतात. कोरोस आणि मूर यांनी २००५ मध्ये त्या नीट वेगळ्या करून मांडल्या. मी आमच्या भाषेत सांगते. पारगम्यता वाढली आणि सिलेक्टिव्हिटी पॉलिमरइतकीच राहिली, तर प्रत्येक स्फटिकाभोवती पोकळी आहे, पण पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत. स्फटिक पिंजऱ्यात बसलाय आणि वायू त्याला वळसा घालून जातोय. पारगम्यता वाढली आणि सिलेक्टिव्हिटी थोडी पडली, तर पोकळी वायूच्या रेणूच्या आकाराच्या जवळपास आहे, जोड नुसता सैल आहे. पारगम्यता कमी आणि सिलेक्टिव्हिटी किंचित जास्त, तर स्फटिकाला चिकटलेला पॉलिमर ताठरलाय; हा दोष म्हणावा की नाही यावर आमच्यात अजून वाद आहेत. आणि पारगम्यता कमी, सिलेक्टिव्हिटी जवळपास तीच, तर स्फटिकाची छिद्रं बुजली आहेत. पाण्याने, द्रावकाने, किंवा पॉलिमरच्या साखळीने.

झिफ-८ वाल्यांसाठी एक सावधगिरी. त्याच्या छिद्राचं तोंड कागदावर ३.४ अँगस्ट्रॉम आहे, मिथेनचा रेणू ३.८ चा, कार्बन डायऑक्साइडचा ३.३ चा. वाटतं, मिथेन अडेल. अडत नाही; झिफची चौकट हलते, तोंड जरा उघडतं, आणि मिथेन आत जातो. प्रोपिलीन आणि प्रोपेन वेगळे करण्यात त्याची खरी हुशारी आहे. कार्बन डायऑक्साइड-मिथेनमध्ये तो मुख्यतः पारगम्यता वाढवतो. त्यामुळे झिफ घालून सिलेक्टिव्हिटी २२ वरच राहिली तर ती अपयश समजून दोष शोधू नका.

नायट्रोजनचा दाब चढवून

रोजच्या तपासणीसाठी मिथेन वापरायची गरज नाही. पॉलिसल्फोनमध्ये नायट्रोजनची पारगम्यताही ०.२५ बॅररच आहे, मिथेनइतकीच. त्यामुळे गळती शोधताना नायट्रोजन वापरा, आगीची धास्ती नको. शेवटचे, लिहून ठेवायचे आकडे मात्र मिथेनचेच घ्या, कारण फिलर आला की दोघांची वाट वेगळी होते.

नायट्रोजन १, २, ४ बारवर मोजा. चांगल्या फिल्ममध्ये पारगम्यता जवळपास सपाट राहते. ती दाबाबरोबर चढत गेली तर वायू पाइपातून वाहावा तसा वाहतोय, म्हणजे भोक मोठं आहे, ०.१ मायक्रॉनच्या वरचं. सपाट राहिली पण आकडाच मोठा असला तर वाट अरुंद आहे. तिथे रेणू भिंतींवर आपटत जातात आणि हलका रेणू पुढे निघतो. अशा वाटेवर कार्बन डायऑक्साइड-मिथेनची सिलेक्टिव्हिटी ०.६ असते, म्हणजे उलटी. पाच-सहा हा आकडा पॉलिमर आणि ही अरुंद वाट यांची सरमिसळ आहे: बराचसा वायू पॉलिमरमधून जातोय, थोडा चोरवाटेने.

आमची रेघ सपाट होती. भोक नव्हतं. स्फटिकांच्या भोवतीच्या पोकळ्या एकमेकींना जाऊन मिळाल्या होत्या.

पावडर कशाला सुकवत होती?

आता मूळ गोष्ट. आम्ही ४ए आदल्या दिवशी भट्टीत ३०० अंशांवर तापवायचो, थंड झाल्यावर डेसिकेटरमध्ये, म्हणजे तळाशी सिलिका जेलचे निळे खडे असलेल्या बंद भांड्यात, ठेवायचो, दुसऱ्या दिवशी वजन करून द्रावणात टाकायचो. सगळं नियमाप्रमाणे. जुलैतल्या एका सकाळी लॅबमधले मामा म्हणाले, “मॅडम, तुमचे निळे खडे गुलाबी झालेत, बदलू का?” मी म्हटलं, “राहू द्या मामा, पावडर झाकणाच्या बाटलीत आहे.”

खडे गुलाबी म्हणजे ते पाण्याने भरलेले. आणि बाटलीचं झाकण सैल होतं. आणि सिलिका जेल आणि ४ए यांची पाण्यासाठी रस्सीखेच लावली तर ४ए जिंकतं, विशेषतः आर्द्रता कमी असताना. म्हणजे आमच्या डेसिकेटरमध्ये सिलिका जेल पावडरीला सुकवत नव्हतं. आमची पावडर सिलिका जेलला सुकवत होती.

४ए आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकं पाणी सहज पितं. स्वतः बघायचं असेल तर भट्टीतून काढलेली चमचाभर पावडर पावसाळ्यात तराजूच्या ताटलीत पसरा आणि दारं उघडी ठेवून आकड्याकडे बघत बसा. चढत जातो, डोळ्यांदेखत. मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा तराजूच बिघडला असं वाटलं होतं.

याचे परिणाम तीन. एक, २० टक्के म्हणून तोललेली पावडर खरं तर सोळा-सतरा टक्केच, बाकी पाणी. दोन, छिद्रं भरलेली, म्हणजे वर सांगितलेली बुजलेली अवस्था. तीन, आणि सगळ्यात वाईट: पॉलिसल्फोनला पाण्याचं वावडं, आणि ज्या द्रावकात आम्ही तो विरघळवतो त्या क्लोरोफॉर्मलाही. ओल्या स्फटिकाच्या अंगाला पॉलिमर चिकटतच नाही, आणि पुढे व्हॅक्यूममध्ये फिल्म तापवली की ते पाणी वाफ होऊन बाहेर पडताना उरलासुरला जोडही उचकटतं. एकाच पाण्याने एका फिल्मची छिद्रं बुजतात आणि दुसरीचे जोड सुटतात. म्हणूनच आमचे आकडे कधी कमी, कधी जास्त यायचे आणि कुठलाच कल दिसायचा नाही.

नुसती पॉलिसल्फोनची फिल्म पावसाळ्यातही का पास व्हायची, त्याचंही उत्तर यातच आहे. तिच्यात पाणी साठवायला कुणी नव्हतं.

इलाज खर्चिक नाही. पावडर ओतायच्या दिवशीच तापवायची, आदल्या दिवशी नाही. भट्टीतून १५० अंशांच्या आसपास असतानाच घट्ट झाकणाच्या, आधी गरम केलेल्या बाटलीत घ्यायची. रिकामी बाटली झाकणासकट आधी तोलायची, भरल्यावर झाकणासकट तोलायची. उघड्या ताटलीत तोलायची नाही. आणि त्याच बाटलीत सुईने क्लोरोफॉर्म सोडायचा. शंका असेल त्या दिवशी थोडी पावडर पुन्हा ३०० अंशांवर तापवून किती वजन घटतं ते बघा. एक-दोन टक्क्यांच्या वर घट असेल तर ती खेप वापरू नका.

क्लोरोफॉर्मबद्दल आणखी एक. बाटलीत तो टिकावा म्हणून बहुतेक कंपन्या त्यात थोडा इथेनॉल घालतात. क्लोरोफॉर्मचा रेणू ४ए च्या तोंडात शिरत नाही, इथेनॉलचा शिरतो. पाणी घालवलंत तरी छिद्रं बुजलेलीच वाटत असतील तर लेबल वाचा. शेवटचं तापवणं नीट झालं तर तो बराचसा निघून जातो.

पिठल्याच्या गुठळ्या

पाण्याला कंटाळून आम्ही झिफ-८ कडे वळलो. तो पाणी जवळ करत नाही, बनवायलाही सोपा: झिंक नायट्रेट आणि २-मिथिलइमिडाझोल, दोन्ही मेथॅनॉलमध्ये, खोलीच्या तापमानाला मिसळले की पांढरं होतं. पाऊस त्याच्या वाटेला जात नाही. पण तरी सिलेक्टिव्हिटी पडली, आणि आता तर कोरड्या दिवसांतही.

हे दुखणं वेगळं. झिफचे कण शंभरेक नॅनोमीटरचे असतात. ते धुऊन, सुकवून पावडर केली की एकमेकांना असे धरतात की पुन्हा सुटत नाहीत. पिठलं करताना डाळीचं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर काय होतं ते कुणाला सांगायला नको. गुठळीच्या आत कोरडं पीठ राहतं, आणि फिल्ममधल्या गुठळीच्या आत पॉलिमर पोचत नाही. कणांमधल्या मोकळ्या फटी हाच वायूचा रस्ता.

इलाजही पिठल्याचाच. झिफ पूर्ण सुकवूच नका. मेथॅनॉलमध्ये धुऊन झाला की सेंट्रिफ्यूज करून ओल्या लगद्यातच दोन-तीन वेळा क्लोरोफॉर्म घाला आणि ओता, म्हणजे मेथॅनॉल निघून जातं. लगद्याचा थोडा नमुना सुकवून त्यात घन किती ते काढा, तोलायचा हिशोब त्यावरून. मग तो लगदा भरपूर क्लोरोफॉर्ममध्ये पसरवा, एकूण पॉलिमरपैकी दहावा हिस्साच आधी घाला, तास-दोन तास ढवळा, म्हणजे प्रत्येक कणाला पॉलिमरचा पातळ लेप बसतो. उरलेला पॉलिमर नंतर, टप्प्याटप्प्याने. फिलर सगळ्यात शेवटी घट्ट द्रावणात टाकण्याची घाई करणारा मुलगा प्रत्येक बॅचमध्ये एक असतोच.

ध्वनिलहरींनी ढवळताना बाथ पुरतो, बर्फात ठेवून. टोकाचा प्रोब जोरात चालवला तर क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो हे एक, आणि झिफचे कण द्रावकात विरघळून पुन्हा मोठे होऊ शकतात हे दुसरं.

गुठळी आहे की नाही ते एसईएमशिवायही (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशिवायही) कळतं. कण द्रावणात खाली बसायचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाबरोबर वाढतो. शंभर नॅनोमीटरच्या कणापेक्षा पाच मायक्रॉनची गुठळी अडीच हजार पटीच्या आसपास वेगाने बसते. काचेच्या नळीत द्रावण तासभर ठेवा. तळाशी पांढरी रेघ दिसली तर ओतू नका. वाळलेल्या फिल्मच्या दोन्ही बाजू उजेडात तिरक्या धरून बघा. काचेकडची बाजू खरखरीत आणि हवेकडची गुळगुळीत असेल तर गुठळ्या खाली बसल्या आहेत.

एसईएमला नमुना पाठवलाच तर एक लक्षात असू द्या: द्रवरूप नायट्रोजनमध्ये फिल्म मोडताना स्फटिक आपल्या जागेवरून हलतात आणि त्यांच्याभोवती काळी कडी दिसते. ती कडी मोडण्याने आली की आधीपासून होती हे फोटो सांगत नाही. वायूचे आकडे सांगतात.

सुकवणं

तिसरं कारण काचेवर घडतं. क्लोरोफॉर्म उडताना फिल्मचा पृष्ठभाग गार करतो. मे महिन्यात, हवा ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असली तर दवबिंदू ११ अंशांच्या आसपास. पृष्ठभाग तिथवर गार व्हायला बराच पल्ला आहे. जुलैत हवा २५ अंश आणि आर्द्रता ८८ टक्के असली तर दवबिंदू २३. दोन अंश गार झालं की फिल्मवर दव. दवाचे थेंब खाली रुततात, त्यांच्या जागी खळगे राहतात आणि फिल्म दुधी दिसते. एनएमपी या सावकाश उडणाऱ्या द्रावकात ओतणाऱ्यांकडे थंडावा नसतो, पण तो द्रावक स्वतःच हवेतलं पाणी ओढून घेतो आणि फिल्म तशीच दुधी होते.

पाणसळ लावून सपाट केलेल्या काचेवर ओता, वर काचेची पेटी उपडी घाला आणि तिच्यात ताज्या निळ्या सिलिका जेलच्या दोन वाट्या ठेवा. खालून काडेपेटीच्या काडीएवढी फट. क्लोरोफॉर्मची वाफ आत कोंडली की उडणं मंदावतं, पृष्ठभाग फार गार होत नाही. फिल्म दोन तासांऐवजी दीड-दोन दिवसांत वाळते. सगळं धुराड्याखाली करा. एसीचा झोत काचेवर येत असेल तर आधी तो बंद करा. आमच्या अर्ध्या वाकड्या फिल्म एसीच्या होत्या.

वाळवणं हळू असायला हवं याला दुसरंही कारण आहे. द्रावक थोडा उरला असतानाच पॉलिमर काचेसारखा कडक होतो. त्यानंतर उरलेला द्रावक निघताना फिल्म आकसू बघते, साखळ्या हलू शकत नाहीत आणि ताण सगळा स्फटिकाच्या जोडावर येतो. तो ताण काढायचा तर पॉलिसल्फोन ज्या तापमानाला मऊ पडतो त्या १८५ ते १९० अंशांच्या वर एकदा जावं लागतं. आम्ही टेफ्लॉनच्या पत्र्यावर फिल्म ठेवून व्हॅक्यूममध्ये आधी ६० अंशांवर रात्रभर, मग १२० वर काही तास, शेवटी २०० वर थोडा वेळ, आणि भट्टी न उघडता गार होऊ देतो. घाईने थेट २०० वर नेली तर फोड येतात.

करून पाहिलं, उपयोग नाही

वरून सिलिकॉन रबराचा पातळ लेप देण्याचा सल्ला सगळे देतात. मोन्सँटोने १९८० च्या सुमारास पोकळ तंतूंवरची भोकं अशीच बुजवून बाजार जिंकला, ते खरं. पण तो लेप वरची भोकं बुजवतो. आतल्या स्फटिकांभोवतीच्या पोकळ्यांपर्यंत पोचत नाही. लेप दिल्यावर सिलेक्टिव्हिटी २० वर आली तर भोकं होती. ६ वरून ८ वर आली तर जोड सैल आहे. म्हणजे तपासणी म्हणून तो चांगला आहे, औषध म्हणून नाही.

फिल्म जाड करणं: भोकं कमी होतात, जोड तसाच. ४ए ला सिलेनने (पॉलिमरशी सांधणाऱ्या रसायनाने) जोडणं काही वेळा चाललं, काही वेळा छिद्रांची तोंडंच बुजली.

आणि एक खास नाशकाचा गोंधळ, जो दोष नाहीच. शहर साधारण ६०० मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब ७६ नाही, ७१ सेंटिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. बुडबुड्याच्या फ्लोमीटरने मोजत असाल आणि ७६ धरत असाल तर प्रवाह सात टक्के जास्त येईल. दोन्ही वायूंना सारखाच, त्यामुळे सिलेक्टिव्हिटी हलत नाही. सात टक्क्यांच्या फरकासाठी फिल्म फेकू नका. तशीच महिन्याभराने तीच फिल्म थोडी मंद झालेली दिसली तर तेही गळतीचं लक्षण नाही. काचेसारखा पॉलिमर वयाने आवळत जातो.

यंदाच्या पावसाळ्यात ४ए च्या २० टक्क्यांवर तिन्ही चकत्या विसाच्या पुढे राहिल्या, झिफच्या २० टक्क्यांवरही. झिफ ३० टक्के केला की अजून तिन्ही एकदम पडतात. वजनाचे ३० म्हणजे आकारमानाचे ३६ टक्के, आणि एवढ्या गर्दीत कण एकमेकांना टेकणारच. त्या फिल्म आम्ही आता नोव्हेंबरमध्ये ओतणार आहोत, कोरड्या हवेत, म्हणजे निदान पावसाला त्यातून वगळता येईल. मामांनी डेसिकेटरच्या झाकणावर चिठ्ठी लावली आहे: ‘गुलाबी असेल तर आधी मला सांगा’.